शांघायमध्ये एकच मॅच बघायची तर शेन्हुआ की पोर्ट?

पौडरोडचा_पाहुणा
कंपनीने तीन महिन्यांसाठी शांघायला पाठवलंय, रूम होंगखौ स्टेडियमच्या जवळच आहे. ऑफिसात एक जण निळ्या शेन्हुआ फुटबॉल क्लबचा, दुसरा लाल पोर्ट क्लबचा, आणि दोघंही मला आपल्याकडे ओढतायत. मला फुटबॉलर द्रोग्बा इथे येऊन गेला एवढंच माहितीय. कुणाची मॅच बघू?

उसळपाव_एफसी
शेन्हुआ! विचारतोस काय. मी तिकडे असताना पहिल्यांदा गेलो तेव्हा रंगाबिंगाचं काही डोक्यात नव्हतं, लाल टीशर्ट घालून मेट्रोतून बाहेर पडलो, तर मफलर विकणाऱ्या काकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पैसे घ्यायच्या आधीच निळा मफलर गळ्यात टाकून टीशर्ट झाकला 😄 होंगखौ हे खास फुटबॉलसाठी बांधलेलं चीनमधलं पहिलं स्टेडियम, १९९९ चं. तिथला आवाज अंगावर येतो. फक्त मॅच कुठल्या स्टेडियमला आहे ते आधी बघून घे, हल्ली बदलतं.

लेफ्टबॅक_डोंबिवली
आवाज ठीक आहे हो, पण ट्रॉफ्या? शेन्हुआने लीग जिंकली ती १९९५ ला. २००३ ची पण जिंकलेली पण फिक्सिंगमुळे २०१३ ला काढून घेतली. आणि तो अर्जेंटिनाचा स्ट्रायकर तेवेझ, २०१७ ला एवढा पैसा ओतून आणला, लीगमध्ये १६ मॅच ४ गोल, आणि परत गेल्यावर टीव्हीवर सांगतो सात महिने सुट्टीवरच होतो म्हणून. पोर्टने ब्राझीलचा ऑस्कर आणला तो आठ सीझन टिकला.

उसळपाव_एफसी
त्याच २०१७ ला कपची फायनल कुणी कुणाला हरवून जिंकली ते पण सांगा की. पोर्टविरुद्ध दोन मॅच मिळून ३-३, आणि समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल म्हणून (अवे गोल) शेन्हुआ 😏

जुना_मिडफिल्डर
दोघं भांडताय पण मूळ माणूस एकच आहे. १९९५ ला शेन्हुआला चॅम्पियन केलं ते कोच शू गेनबाओने, आणि त्यानेच नंतर छोंगमिंग बेटावर कर्ज काढून अकादमी उभी केली, तिथल्या पोरांना घेऊन २००५ ला जो क्लब काढला तोच आजचा पोर्ट. स्ट्रायकर वू लेइ त्यातलाच, १४ वर्षांचा असताना सीनियर टीममध्ये खेळला. पुढे स्पेनच्या एस्पान्योल क्लबला गेला, बार्सिलोनाला गोल मारला, परत आला आणि २०२४ ला लीगमध्ये ३४ गोल. हल्क, ऑस्कर या परदेशी खेळाडूंचं कौतुक सगळे करतात, पण २०१८ ला पोर्टने ग्वांगझौ क्लबची लीगमधली सलग सात वर्षांची सद्दी मोडली तेव्हा टॉप स्कोरर वू लेइच होता. त्या ग्वांगझौचं पुढे काय झालं बघा, मालक कंपनी कर्जात बुडाली आणि २०२५ ला क्लबच बंद. म्हणून म्हणतो पोरं घडवलेली बरी.

लेफ्टबॅक_डोंबिवली
हे शू गेनबाओचं माहीत नव्हतं. २०२४ ला लीग पण एकाच पॉइंटने आली आमच्याकडे, मग डर्बीच, म्हणजे शेन्हुआ विरुद्ध पोर्ट, बघ ना सरळ.

पौडरोडचा_पाहुणा
डर्बीच बघतो मग, पांढरा शर्ट घालून.

उसळपाव_एफसी
पासपोर्ट घेऊन जा, तिकीट नावावर असतं. मफलर काका देतील.