शब्दचर्चा: डॅफोडिलचा 'कोरोना', 'स्पीशीज' आणि 'मिनिएचर'

परागवेचा:
ब्रिटनमधल्या मराठी बागकामवाल्यांसाठी छोट्या डॅफोडिलांची लागवड आणि संकर यावर पुस्तिका तयार होते आहे. तीन शब्दांपाशी काम अडलं आहे.

१) कोरोना. फुलाच्या मधोमध जी वाटी किंवा नळकांडं असतं ते. मी सरळ 'मुकुट' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडलं, कारण वनस्पतिशास्त्राच्या मराठीत 'पुष्पमुकुट' म्हणजे कोरोला, पाकळ्यांचं मंडल. डॅफोडिलमध्ये सहा परिदलं (पाकळ्यांसारखी दलं) वेगळी आणि त्यांच्या आत हा अवयव वेगळा, म्हणजे नेमका नको तिथे गोंधळ.

२) स्पीशीज डॅफोडिल. बागेत पैदा केलेले वाण सोडून निसर्गात जशा आहेत तशा जाती: बल्बोकोडियम, सायक्लॅमिनियस, ट्रायअँड्रस, रुपिकोला, वातिएरी वगैरे.

३) मिनिएचर. प्रदर्शनात फुलाचा व्यास ५० मिलिमीटरपर्यंत असेल तरच या गटात घेतात. 'बुटकं' लिहिलं तर उंचीचा अर्थ लागतो, आणि इथे मोजतात ते फूल.

शुद्धमती:
दुसऱ्या मुद्द्यावर आधी बोलते, कारण तिथे चूक सर्रास होते. वर्तमानपत्रं स्पीशीजला 'प्रजाती' लिहितात. ती हिंदीची छाप. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि विश्वकोशात कुल, प्रजाती, जाती असा उतरता क्रम आहे. म्हणजे नार्सिसस (डॅफोडिलचं शास्त्रीय नाव) ही प्रजाती आणि बल्बोकोडियम ही जाती. पुस्तिकेत 'नार्सिससच्या प्रजाती' असं छापलं तर अर्थ साफ उलटा होईल.

बांधावरून:
पाठ्यपुस्तकात काहीही असो, आज दहा वाचकांपैकी नऊ 'पक्ष्यांच्या प्रजाती' असंच वाचतात आणि त्यांना स्पीशीजच कळतं. शिवाय 'जाती' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे वाण येतो: ज्वारीची जात, आंब्याची जात. 'डॅफोडिलच्या जाती' या शीर्षकाखाली लोक 'तेत-आ-तेत' आणि 'जेटफायर' शोधतील. ते दोन्ही संकरित वाण आहेत.

शुद्धमती:
म्हणून वाणाला वाण म्हणावं आणि जातीला जाती. शब्द सैल झाला तर तो घट्ट करायचा, टाकून द्यायचा नाही.

कंदमूळ:
'रानडॅफोडिल' का नको? रानहळद, रानकेळ आहेतच की.

परागवेचा:
दोन अडचणी. ब्रिटनमध्ये 'वाइल्ड डॅफोडिल' हे एकाच जातीचं रूढ नाव आहे, नार्सिसस स्यूडोनार्सिसस. रानडॅफोडिल म्हटलं की वाचक तिच्यावरच जाणार. दुसरं असं की रानकेळ, रानहळद या आपल्या ओळखीच्या पिकाच्या रानातल्या भावंडांची नावं आहेत. इथे तर कुंडीत पिढ्यान्‌पिढ्या बियांपासून वाढवलेलं रोमिएउक्सीसुद्धा स्पीशीजच राहतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिलचे जे १३ विभाग पाडले आहेत त्यांत शेवटचा विभाग फक्त शास्त्रीय नावानेच ओळखल्या जाणाऱ्यांचा आहे, मग ते रानात असोत वा कुंडीत.

बांधावरून:
'गावठी' पण बसत नाही. संकरिताचा विरुद्धार्थी म्हणून आपण गावठी म्हणतो खरं, पण गावठी कोंबडी, गावठी गुलाब माणसाच्याच दारचे. आणि कोणी 'जातिवंत' सुचवण्याआधी सांगतो, त्याचा अर्थ निवडून पैदास केलेलं असा होतो. माझं मत 'मूळ जाती'ला.

नसराळे:
'मूळ जाती'ला अनुमोदन. आता कोरोना. पहिल्या तीन विभागांची विभागणीच त्याच्या लांबीवर आहे, म्हणून एक शब्द पुरणार नाही. परिदलाइतका किंवा त्याहून लांब असेल तर विभाग १, ट्रम्पेट. परिदलाच्या एक तृतीयांशाहून जास्त पण परिदलापेक्षा कमी असेल तर विभाग २, मोठा कप. एक तृतीयांश किंवा कमी असेल तर विभाग ३, छोटा कप. कपाला 'पेला' चालेल. ट्रम्पेटला 'तुतारी' म्हणू नका, तुतारी वाकडी असते. 'कर्णा' सरळ असतो. पण पेला आणि कर्णा दोघांना मिळून जो एक शब्द हवा तो अजून सापडलेला नाही.

शुद्धमती:
तोरण.

नसराळे:
तोरण दाराला आडवं, ओळीत लटकतं. रुईच्या किंवा कृष्णकमळाच्या फुलात जी तुकड्यातुकड्यांची किंवा तंतूंची कड असते तिला ते एक वेळ शोभेल. डॅफोडिलचा अवयव सलग आहे. बल्बोकोडियममध्ये तर तोच सगळं फूल आहे. परिदलं बारीक, टोकदार, जवळजवळ दोऱ्यासारखी, आणि मधला घेर फुगलेला. म्हणून इंग्रजीत त्याला 'हूप पेटीकोट' म्हणतात.

कंदमूळ:
मग बल्बोकोडियमला 'परकर डॅफोडिल' म्हणा! इंग्रजी नावाला याहून चपखल मराठी मिळणार नाही.

परागवेचा:
परकर घेतला. सामान्य नाव म्हणून सुंदर आहे.

शुद्धमती:
पेटीकोट म्हणजे परकर हे बरोबर, पण ज्याच्या घेरात कड्या घातलेल्या असतात तो हूप पेटीकोट. साधा परकर खाली पडतो, हा ताठ उभा राहतो. 'घेरदार परकर' करा.

बांधावरून:
मला याहून मोठी खटकणारी गोष्ट दिसते. मसुद्यात 'उन्हाळ्यात कुंड्यांना ताण द्यावा' असं वाक्य आहे. ताण हा फळबागेचा शब्द आहे. मोसंबी, डाळिंब यांचा बहार धरायचा म्हणून पानं असलेल्या, जित्या झाडाचं पाणी तोडतात. झाडाला सोसावं लागतं, पानं पिवळी पडतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात. डॅफोडिलची पानं आधीच आपोआप वाळलेली असतात. कांदा झोपलेला असतो. त्याला ताण कसला?

परागवेचा:
'ताण' लिहिला कारण वाचकाला पाणी तोडण्याची सवय लागावी. बल्बोकोडियम, कँटाब्रिकस आणि रोमिएउक्सी, म्हणजे आयबेरिया (स्पेन-पोर्तुगाल) आणि मोरोक्कोतल्या जाती, त्यांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडं आणि उबदार ठेवलं नाही तर पुढच्या हंगामात फूल कमी येतं आणि बूड सडतं. उन्हाळ्यात ओल राहिली आणि माती तापली की फ्युजेरियम बुरशी कांद्याच्या बुडातूनच आत शिरते. वरून कांदा धड दिसतो, दाबला की बूड मऊ लागतं, आतली सालं तपकिरी झालेली असतात.

बांधावरून:
मग 'विश्रांती' लिहा. 'सुप्तावस्था' जड वाटत असेल तरी विश्रांती कोणालाही कळते. 'ताण' मात्र चुकीच्या दिशेला नेईल, कारण सायक्लॅमिनियसला पाणी तोडलं तर ते मरतं. ते पोर्तुगालच्या उत्तर भागात आणि स्पेनच्या गॅलिसियात ओढ्याकाठच्या ओल्या जागेत वाढतं. त्याला आम्लधर्मी, पानकुजीची माती लागते आणि ती पूर्ण कोरडी होऊ द्यायची नसते. एकच शब्द सगळ्या जातींना लावलात तर अर्ध्या कुंड्या जातील.

नसराळे:
बांधावरून यांच्याशी सहमत. अवांतर: या कांद्यांचं वर्षच आपल्या उलटं आहे. पाऊस हिवाळ्यात, कोरडं उन्हाळ्यात. पुण्यात परकर डॅफोडिल का टिकत नाही याचं उत्तर थंडीपेक्षा पावसात आहे. त्याच्या विश्रांतीत आपला मृग लागतो. झोपलेला कांदा, तापलेली माती, त्यावर पाणी, म्हणजे फ्युजेरियमला आवतण. महाराष्ट्रात करून पाहायचंच असेल तर पेपरव्हाइट (नार्सिससचीच एक जाती) करा, त्याला फुलायला थंडीचा मुक्काम लागत नाही. फुलून गेल्यावर कांदे कोरडे करून आत घ्यावे लागतील.

कंदमूळ:
तुम्ही सगळे 'कांदा' म्हणताय, पुस्तिकेत काय आहे? कंद? कंद म्हटला की सुरण, रताळं, आलं सगळं येतं. बल्ब म्हटलं तर दिवा.

परागवेचा:
पहिल्या पानावर 'शल्ककंद', पुढे सगळीकडे 'कांदा'. चिपिंगच्या, म्हणजे कांद्याच्या फोडी करून नवे कांदे मिळवण्याच्या पानावर त्याचा फायदाच होतो. चिपिंगची कृती अशी लिहिली आहे: जुलैमध्ये निरोगी कांदा घ्या, वाळकी सालं आणि मुळं काढा, शेंड्याचा भाग कापून टाका. मग बूड वर करून उभ्या फोडी करा, आकारानुसार ८ ते १६, लहान जातींना ८ पुरे. प्रत्येक फोडीला बुडाचा तुकडा आलाच पाहिजे. नुसत्या सालाला नवा कांदा येत नाही. बुरशीनाशकात बुडवून निथळा, ओलसर व्हर्मिक्युलाइटसोबत (ओल धरणारं हलकं खनिज) पिशवीत घालून पिशवीत हवा ठेवा, अंधारात २० अंश सेल्सियसला १२ आठवडे. सालांच्या बेचक्यात, बुडाला लागून छोटे कांदे धरतात. सुरी दर कांद्यानंतर स्पिरिटने पुसा, नाहीतर विषाणू एकातून दुसऱ्यात जातो.

बांधावरून:
उत्तम. इथे 'बेणं' शब्द वापरा. मराठीत हा भेद आधीपासून आहे आणि इंग्रजीला तो एका शब्दात जमत नाही. बटाट्याचं, आल्याचं, उसाचं ते बेणं, ज्वारीचं ते बी. बेण्यातून आलेलं रोप मूळचंच असतं, बियांतलं वेगळं निघू शकतं. 'तेत-आ-तेत' फक्त बेण्यानेच वाढतं.

नसराळे:
त्याचं कारणही पुस्तिकेत यावं. अ‍ॅलेक ग्रे यांनी कॉर्नवॉलमध्ये 'सायक्लाटॅझ'च्या एकाच बोंडातून 'तेत-आ-तेत', 'जम्बली' आणि 'क्विन्स' मिळवले. 'सायक्लाटॅझ' म्हणजे सायक्लॅमिनियस आणि टॅझेटा (गुच्छाने फुलणाऱ्या) गटातला 'ग्राँ सोलेल द'ऑर' यांचा संकर. एकाकडून ७ गुणसूत्रं, दुसऱ्याकडून १०, एकूण १७. जोड्या लागत नाहीत म्हणून बी जवळजवळ धरतच नाही. क्वचित सगळीच्या सगळी १७ एका बीजांडात उतरतात, त्यात परागाची ७ मिळाली की २४. 'तेत-आ-तेत' हे असं २४ वालं आहे, आणि तेही वांझ.

शुद्धमती:
'बेणं' बियाण्यालाही म्हणतात काही भागांत. आणि 'वांझ' शब्द रोपांना लावावा का?

बांधावरून:
वांझ केळ, वांझ फुलं लोक म्हणतात. बेण्याबद्दल, कोणत्या भागात बियाण्याला बेणं म्हणतात?

शुद्धमती:
घरी ऐकलेलं आहे.

परागवेचा:
संकराच्या प्रकरणातलीच आणखी एक अडचण: इमॅस्क्युलेशन. 'खच्चीकरण' बैलाला, आणि आता तर मनालाही लागतं. 'परागकोश काढणे' लिहिलं आहे. वाक्य असं: कळी उमलू लागली की, परागकोश फुटण्याआधी, चिमट्याने सहाही काढा.

नसराळे:
'सहाही'वर जोर द्या. जोंक्विला, ट्रायअँड्रस, रुपिकोला यांच्यात तीन परागकोश तोंडाशी आणि तीन खाली नळीत दडलेले असतात. वरचे तीन काढून लोक निर्धास्त होतात, खालचे तीन फुटतात, बी धरतं आणि पाच वर्षांनी कळतं की तो संकर नव्हताच. नळीला ब्लेडने उभी चीर द्या आणि परिदलं, पेला सकट काढून टाका. मधमाशीला बसायला जागाही उरत नाही. किंजल्क (स्त्रीकेसराचं टोक) चिकट दिसला की पराग लावा, दोन दिवसांनी पुन्हा लावा. चिठ्ठीवर बी धरणारी आई आधी, मग फुली, मग पराग देणारा.

बांधावरून:
नारळातही तोच क्रम. आई उंच आणि बाप ठेंगणा तो 'टी × डी', उलटा तो 'डी × टी'. आणि बघा, नारळाला आपण 'ठेंगणा' म्हणतो, भात-गव्हाला 'बुटका'. मिनिएचरला यातलं काहीच लागत नाही, उंचीचेच शब्द आहेत.

कंदमूळ:
'नर्गिस' कोणी का सुचवत नाही? नाव आपल्याकडे आहे. ते 'नरकेसर' वरून आलं असावं, पुंकेसर ठळक म्हणून.

नसराळे:
नाही. नर्गिस फारसीतून आलं, त्याचं नातं ग्रीक 'नार्किस्सोस'शी. रोमन लेखक प्लिनीने ते बधिरपणाच्या ग्रीक शब्दाला जोडलं, पण 'इस्सोस' हा शेवट ग्रीकपूर्व दिसतो, म्हणून ती जोडणीही आज कोणी खात्रीने मानत नाही. आणि नर्गिस म्हणजे टॅझेटा, एका दांड्यावर गुच्छ, भरपूर वास. सायक्लॅमिनियसला एकच फूल, परिदलं पाठीमागे सरळ उलटलेली. त्याला नर्गिस म्हणवत नाही.

शुद्धमती:
डॅफोडिल तरी कुठे शुद्ध आहे? 'अ‍ॅस्फोडेल'चं झालेलं रूप, सुरुवातीचा 'ड' कुठून आला ते व्युत्पत्तिकारांनाही नीट सांगता येत नाही. परकाच घ्यायचा तर आशियातला घ्या. आणि लिंग ठरवा: मसुद्यात एकदा 'तो डॅफोडिल', एकदा 'ते डॅफोडिल'.

परागवेचा:
फूल असेल तर ते, झाड म्हणूनही ते. अनेकवचन 'डॅफोडिलं'. रंगाच्या सांकेतिक अक्षरांचं मात्र पाहा. इंग्रजीत परिदलाचा रंग आधी, मग आडवी रेघ, मग पेल्याचा: डब्ल्यू-वाय म्हणजे पांढरं परिदल, पिवळा पेला. परिदल कडेकडून आत वाचायचं, पेला तळाकडून काठाकडे. मराठी अक्षरं घेतली तर पांढरा आणि पिवळा दोघंही 'प'.

कंदमूळ:
'पां' आणि 'पि' करा.

बांधावरून:
कुंडीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलचा अनुस्वार आणि वेलांटी एका हिवाळ्यात पुसतात. आंतरराष्ट्रीय नोंदणीत जी अक्षरं आहेत तीच ठेवा.

शुद्धमती:
वेलांटी पुसते म्हणून मराठी सोडायची हे पटत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा, पुसणार नाही.

नसराळे:
पट्टी चांगली. पेरणीच्या पानाबद्दल: बी सप्टेंबरमध्ये, १ सेंटिमीटर खोल, वरून बारीक कच, कुंडी किमान १३ सेंटिमीटर खोल आणि बाहेर थंडीत, बरोबर आहे. पण 'पहिल्या उन्हाळ्यात रोपं हलवावीत' हे काढा. पहिल्या वर्षी एकच दोऱ्याएवढं पान येतं, कांदा ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, हलवला की वाळतो. दोन हंगाम त्याच कुंडीत ठेवायचा. आणि मे-जूनमध्ये बारीक जाळी टाका, नार्सिससची माशी वाळत्या पानांच्या बुंध्याशी अंडी घालते आणि अळी बुडातून आत जाते.

परागवेचा:
पेरणीचं पान दुरुस्त केलं. 'मूळ जाती', 'विश्रांती', 'बेणं', 'घेरदार परकर' घेतले. कोरोनाला अजून शब्द हवा आहे.

शुद्धमती:
तोरण.

कंदमूळ:
बेण्याचं काय ठरलं? आमच्याकडे लसणालाही बेणंच म्हणतात, आणि लसणाचं तर बी नसतंच.