शिव्या खाल्लेले झॉम्बी गेम आणि आपल्या रात्री : तुमचे अनुभव लिहा

२०१२ च्या डिसेंबरात ‘द वॉर-झी’ हा झॉम्बी गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, आला तेव्हा मी नौपाड्यात राहायचो, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. स्वतःचं कार्ड नव्हतं म्हणून कोपरखैरण्याच्या मावसभावाने, दादाने, त्याच्या कार्डावरून दोघांसाठी घेतला. गेम आला १७ तारखेला आणि दोनच दिवसांत स्टीमच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, तो तिथून काढला, ज्यांना पैसे परत हवे त्यांना परत दिले. कारण जाहिरातीत चारशे चौरस किलोमीटरपर्यंतचे नकाशे, शंभर जणांचे सर्व्हर, स्किल असं बरंच काही लिहिलेलं आणि आत गेलं की एकच नकाशा, कोलोरॅडो, बाकीचं नाहीच. वर मेलात की कॅरेक्टर चार तास बंद, लगेच जिवंत व्हायचं तर पैसे मोजा. चीटर तर इतके की विचारू नका. लोक चिडले ते बरोबरच होतं, त्यावर मला वाद घालायचाच नाहीये. नंतर गेम परत आला, २०१३ मध्ये नाव बदलून ‘इन्फेस्टेशन’ झालं, पण लोकांच्या मनातून उतरला तो उतरलाच.

पण मी त्यात दीड वर्ष मनापासून रमलो, आणि हे कुणाला सांगितलं की समोरचा अशा नजरेने बघतो की जाऊ दे. म्हणून हा धागा काढतोय.

एक रात्र सांगतो. सुरुवातीला हातात एक टॉर्च, एक बँडेज, खायला एक ग्रॅनोला बार आणि सोड्याचा कॅन, बस. दादा तिकडे, मी इकडे, स्काईपवर कुजबुजत बोलायचं कारण आई शेजारच्या खोलीत झोपलेली. एका छपरावर आम्ही दोघं पालथे पडलेलो, टॉर्च बंद, आणि खालून कुणीतरी टॉर्च लावून चाललेला. त्याच्या उजेडाचा गोल समोरच्या भिंतीवर आला, थांबला, परत मागे गेला. दादा म्हणाला “हलू नकोस” आणि मी खरोखरचा खुर्चीत हलायचा थांबलो, श्वास धरून. तेवढ्यात खाली गोखले रोडला दुधाच्या टेम्पोतून क्रेट उतरवल्याचा आवाज झाला आणि मी एवढा दचकलो की हेडफोनची पिनच निघाली. तो माणूस निघून गेला. रात्रभरात मिळालं काय तर पाण्याची एक बाटली. पण तेवढी बाटली घेऊन जिवंत परत आलो ना, त्याचा आनंद मला नंतरच्या कुठल्याच चांगल्या, चकचकीत गेममध्ये मिळालेला नाही. मेलो असतो तर अंगावरचं सगळं गेलं असतं, म्हणून भीती खरी होती. बाकी ग्राफिक्स वगैरे गेलं उडत.

२०१६ च्या डिसेंबरात सर्व्हर बंद झाले. आता तुम्ही लिहा. कुठलाही गेम चालेल, फक्त लोकांनी नावं ठेवलेला आणि तुम्हाला आवडलेला हवा.

*

ऐरोलीहून लिहितेय. माझा डे-झी, २०१३ च्या डिसेंबरात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला, आला तेव्हापासूनचा. पूर्ण झालेला गेम म्हणून यायला त्याला २०१८ चा डिसेंबर उजाडला, म्हणजे तब्बल पाच वर्षं, आणि मधल्या काळात लोकांनी काय काय नाही ऐकवलं. झॉम्बी भिंतीतून आरपार यायचे, जिन्यावर नुसतं पाऊल टाकलं तरी पाय मोडायचा, शिडीवरून तर मी किती वेळा मेले ते मोजणंच सोडून दिलं. आमच्याकडे नेटला एफयूपी होतं, महिन्याचा कोटा संपला की स्पीड एवढा पडायचा की मी दार उघडायचे आणि दार पाच सेकंदांनी उघडायचं. त्यामुळे मी आणि धाकट्या भावाने महिन्याचे पहिले पंधरा दिवस खेळायचे आणि उरलेले पंधरा दिवस नुसत्या गप्पा मारायच्या असं ठरवून टाकलेलं, म्हणजे पुढच्या महिन्यात कुठे जायचं, तंबू कुठल्या जंगलात लपवायचा, कुणी भेटला तर आधी बोलायचं का गोळी घालायची. भाऊ म्हणायचा गोळी, मी म्हणायचे बोलायचं. एकदा गेममधल्या इलेक्ट्रो गावाच्या बाहेर एक जण समोर आला, मी माईकवर “फ्रेंडली फ्रेंडली” ओरडतेय, तो गप्प, आणि मग त्याने जमिनीवर बीन्सचा एक डबा ठेवला आणि मागे मागे सरकत झाडीत गेला. अक्षर बोलला नाही. मी भुकेने मरायला टेकलेली, त्याला ते कसं कळलं माहीत नाही. भाऊ आज पुण्याला असतो, आजही फोनवर कुणी मदत केल्याचं सांगितलं की तो विचारतो, “बीन्सवाला का गं?”

*

कुणी एच-वन-झी-वन खेळलंय का? २०१५ च्या जानेवारीत आला आणि पहिल्याच दिवशी एअरड्रॉपवरून बोंबाबोंब, पैसे देऊन आभाळातून बंदुका मागवता येतात म्हणून. कंपनीला रिफंड द्यावे लागले. पुढच्या वर्षी गेमचे दोन तुकडे केले, मारामारीवाला भाग पुढे गेला आणि आमचा ‘जस्ट सर्व्हाइव्ह’ मागे राहिला, त्याच्याकडे कुणी बघेना.

आम्ही घणसोलीला तिघं एका रूमवर राहायचो, तिघांची शिफ्ट वेगळी. गेममध्ये तळ बांधला की तुम्ही झोपलेले असताना कुणीतरी येऊन तो फोडतो, ही सगळ्यांची मोठी तक्रार होती आणि खरीच होती. पण आमच्या शिफ्टच अशा की कुणी ना कुणी जागाच. रूममेट अलिबागकडचा, तो म्हणायचा ही तर वाडीची राखण झाली. मी रात्री अडीचला कॅबमधून उतरायचो, हातपाय धुवायचो आणि तो न बोलता खुर्ची सोडायचा, फक्त सांगायचा की उत्तरेकडून दोघं येऊन गेले, ब्लॅकबेरी संपल्यात, लाकूड भरपूर आहे. ताटावर झाकण घालून भात ठेवलेला असायचा. तो भात एका हाताने खायचा आणि तळाच्या दाराकडे बघत बसायचं. २४ ऑक्टोबर २०१८ ला सर्व्हर बंद झाले तेव्हा आम्ही तिघं तीन शहरांत होतो, तरी त्या रात्री तिघंही लॉगिन करून आपापली शिफ्ट लावल्यासारखे तळावर उभे राहिलो.

*

माझं थोडक्यात. ‘द डे बिफोर’. ७ डिसेंबर २०२३ ला आला, ११ ला स्टुडिओने गाशा गुंडाळतोय म्हणून सांगितलं, २२ जानेवारीला सर्व्हर बंद. वर्षानुवर्षं मोठ्या खुल्या जगाचं आश्वासन आणि प्रत्यक्षात सामान उचला आणि पळा. रिफंड मिळत होता, मी घेतला नाही. घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावर नवीनच राहायला आलो होतो, ओळखीचं कुणी नाही, आणि त्या दीड महिन्यात त्या रिकाम्या शहरात पावसात नुसतं चालायला मला बरं वाटायचं. बास, एवढंच.

*

नमस्कार. मी नेरूळला राहतो, वय ६३, मुलाने लिंक पाठवली म्हणून लिहितोय. मुलगा टोरांटोला असतो. फोनवर आमचं बोलणं म्हणजे जेवलास का, थंडी किती, बाबा गोळ्या घेतल्या का, मग दोघंही गप्प. गेल्या वर्षी सुट्टीत आला तेव्हा त्याने डे-झी माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. तो म्हणाला बाबा, लोक याला फक्त चालायचा गेम म्हणून हसतात, तुम्हाला चालायची सवय आहेच.

आम्ही रविवारी सकाळी सहाला भेटतो, तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असते. तो नकाशा २२५ चौरस किलोमीटरचा आहे आणि आपण कुठे आहोत ते गेम सांगत नाही, गावाच्या पाट्या वाचाव्या लागतात आणि त्या रशियन लिपीत. मी एका वहीत अक्षरं उतरवून काढली. इंग्रजी पी दिसतो तो र, सी म्हणजे स, उलटा एन म्हणजे इ. पहिल्यांदा मी ‘चेर्नोगोर्स्क’ आपलं आपण वाचलं आणि मोठ्याने म्हणालो तर तिकडे मुलगा एवढा ओरडला की हिला वाटलं काहीतरी झालं, ती स्वयंपाकघरातून धावत आली.

अडकायला होतं, मान्य आहे. मागच्या वेळी मी एका भिंतीत अर्धा रुतलो आणि तिथेच गेलो, मुलगा बाजूला उभा राहून काहीच करू शकला नाही. पण मग परत किनाऱ्यावर सुरुवात, तो मला शोधत तासभर पळत आला, आणि त्या तासाभरात आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याच्या कॉलेजच्या चार वर्षांत बोललो नव्हतो. त्याला तिकडची नोकरी आवडत नाही हे मला तेव्हा कळलं.

गेममध्ये हँडपंपावर पाणी पिताना तो पाठीशी उभा राहून राखण करतो. लहानपणी समुद्रावर मी असाच त्याच्या मागे उभा राहायचो.

आता मी ज्वेल ऑफ नवी मुंबईला फिरायला रविवारी जात नाही, सोमवारी जातो. परवा गेममधल्या बेरेझिनोला जायचं ठरलंय. मुलगा म्हणाला, बाबा, तुमचे बूट फाटलेत, आधी बूट शोधू.