‘प्रतिकार’ नेमका कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठाण्यातल्या एका रुग्णालयात झालं. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. लघवीच्या नळीतून संसर्ग झाला होता. कल्चरचा (नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट घेऊन आलेले तरुण डॉक्टर म्हणाले, “जंतू क्लेबसिएला आहे, बऱ्याच अँटिबायोटिक्सना रेझिस्टंट आहे.” आमचे चेहरे पाहून त्यांनी तेच मराठीत सांगितलं, “म्हणजे प्रतिकारशक्ती तयार झालीय.” सासूबाईंनी हात जोडले. “देव पावला. रोज च्यवनप्राश घेतात ते.”

डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. त्यांना सांगायचं होतं की बरीच औषधं या जंतूवर चालत नाहीत. पण मराठीत ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द नेहमी आपल्या बाजूने उभा असतो. लस टोचून ती येते, चांगल्या खाण्याने वाढते. करोनाच्या काळात तर ती घराघरांत पोचली. तोच शब्द जंतूंना लावला की ऐकणारा तो रुग्णाच्या खात्यावर जमा करतो. दुसरा गैरसमज याच्याच पोटातला: “शरीराला औषधाची सवय झाली.” सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जंतू.

आमच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी या विषयावर एक पानी पत्रक लिहायचं आहे. छापील मजकुरात ‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’साठी ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ आढळतो. त्यात दोनदा ‘प्रति’ येतं आणि कोण कोणाला विरोध करतंय ते कळत नाही. ‘प्रतिजैविक’ शब्दाशी माझं भांडण नाही, तो आता रुळलाय. मला क्रियापद हवंय. माझ्या मनात आलेली अशी:

‘दाद न देणे’ सोपं आहे, पण दाद गाण्यालाही देतात आणि तक्रारीचीही मागतात. ‘न जुमानणे’ जोरकस आहे, मात्र त्यात हट्ट आहे, जंतूला हट्ट नसतो. ‘न बधणे’ मला आवडतं, तरुण पिढीला ते कितपत कळेल याची शंका वाटते. ‘निर्ढावलेले’मध्ये चुका करून करून कोडगं होण्याचा भाव आहे.

दुसरा शब्द ‘रुग्णालयजन्य संसर्ग’. तो बरोबर आहे का? आपल्याला काय वाटतं?

नेरूळहून, वॉर्डात बावीस वर्षं काढलेली परिचारिका:

काकू, तुमचा प्रश्न आम्हाला रोज भेटतो. ‘रेझिस्टंट’पेक्षाही घोटाळा करणारा शब्द म्हणजे ‘सेन्सिटिव्ह’. रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि बहुतेकांपुढे एस किंवा आर. एस म्हणजे त्या औषधाने हा जंतू मरतो, आर म्हणजे मरत नाही. नातेवाईक ‘सेन्सिटिव्ह’ वाचतात आणि धावत येतात, “सिस्टर, हे औषध यांना सोसत नाही, देऊ नका!” जे औषध चालणार आहे त्याचीच भीती. मी आता सरळ सांगते, “या औषधाने जंतू मरतो, याने मरत नाही.” लांब होतं, पण पुन्हा समजवावं लागत नाही.

‘रुग्णालयजन्य’बद्दल: दाखल होताना नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसलेला संसर्ग, असा आमचा हिशेब. जन्य म्हणजे त्यातून जन्मलेला. जंतू काही भिंतीतून जन्मत नाही. तो येतो नळीवरून, व्हेंटिलेटरमधून, सलाइनच्या सुईच्या जागेवरून, आणि सगळ्यात जास्त हातांवरून. आमच्या हातांवरून, डॉक्टरांच्या हातांवरून आणि भेटायला येऊन पलंगावर बसणाऱ्यांच्याही. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली प्रसूतिकक्षात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा जंतू कारण असतात हेही माहीत नव्हतं. म्हणून मला ‘रुग्णालयात लागलेला संसर्ग’ बरा वाटतो. ‘लागण’मध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाणं आहे. फक्त ‘बाधा’ नको. खेड्याकडची माणसं ती थेट भुताखेतांकडे नेतात.

वाशीहून, प्रयोगशाळेत काम करणारा:

सिस्टरांशी सहमत. नाव दोष कसा चिकटवतं याचं मोठं उदाहरण आमच्याच कामातलं आहे. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ मध्ये क्लेबसिएला सापडला. शेवटच्या फळीतली कार्बापेनेम गटातली औषधंही फोडणारं विकर (एन्झाइम) तो तयार करत होता. त्या विकराला नाव पडलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१. भारतातून जोरदार हरकत घेतली गेली, पण नाव राहिलं. शहराच्या नावापेक्षा लक्ष द्यायला हवं होतं ते यावर की हे विकर बनवणारं जनुक एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत जाऊ शकतं.

शब्दाबद्दल एक सुचवतो: ‘पुरून उरणारे’. औषध दिलं की कोट्यवधी जंतू मरतात. ज्यांच्यात योगायोगाने बदल झालेला असतो ते उरतात आणि वाढतात. ‘उरणे’ या क्रियापदातच सगळं शास्त्र आहे.

ठाण्यातला औषधविक्रेता:

ताई, माझ्या काउंटरवर येणारे शब्द सांगतो. “पावरवाली गोळी द्या.” “मागच्या वेळची तीच द्या.” “सहा नको, दोनच काढा.” आणि सगळ्यात घातक, “गुण आला, म्हणून बंद केली.” गुण येणं आणि बरं होणं यांत फरक आहे. गुण येतो ताप उतरला की. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्यापुढेही असू शकतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या पेनिसिलिनने जंतू शिरजोर होतील असं बजावलं होतं.

पत्रकात ‘लाल रेघ’ जरूर लिहा. पाकिटावर उभी लाल रेघ असली की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. काही अँटिबायोटिक्स सरकारच्या एच-वन यादीत आहेत, त्यांची नोंद मला वहीत ठेवून तीन वर्षं जपावी लागते. आणि ‘जंतू’ शब्द जपून वापरा. सर्दीला बहुधा विषाणू कारण असतो, त्याच्यावर ही गोळी काहीच करत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, “जंतू मारायची गोळी द्या.” त्याच्या लेखी जिवाणू, विषाणू, दोन्ही जंतूच.

नौपाड्यातून, मूळ प्रश्नकर्ती:

खूप आभार. ‘पुरून उरणारे’ वाचल्यावर मी सासूबाईंना तो रिपोर्ट पुन्हा समजावला. सासरे सतरा दिवसांनी घरी आले होते, आता काठी घेऊन मासुंदा तलावाला फेरी मारतात, म्हणून हे बोलणं शक्य झालं. म्हटलं, “औषधाने मेले ते मेले, जे पुरून उरले ते वाढले.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ती शक्ती त्यांची नव्हती. जंतूंची होती.”

पत्रकाचा पहिला मसुदा असा केलाय: “काही जिवाणू औषधाला पुरून उरतात. ते आपल्या शरीराचं बळ नव्हे. असा जिवाणू रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याला लागू शकतो, म्हणून रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. पलंगावर बसू नका.”

एस आणि आरचं मात्र अजून अडलंय. रिपोर्टवर इंग्रजी अक्षरंच असणार. शेजारी कंसात ‘मरतो’ आणि ‘मरत नाही’ छापलं तर चालेल का, की वृद्ध माणसं ‘मरतो’ वाचूनच घाबरतील?