पॉलिमरचे औषधवाहक बनवणाऱ्यांना पेशीचा सांगाडा कळायलाच हवा का? (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सूक्ष्मनलिका
पॉलिमरच्या नॅनोकणांतून औषध पोचवण्यावरचे लेख मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि एक गोष्ट सतत खटकते. कणाचा आकार, पृष्ठभागावरचा विद्युतभार, वरचा पीईजी या पॉलिमरचा थर, किती तासांत किती औषध सुटलं याचा आलेख, हे सगळं बारकाईने दिलेलं असतं. शेवटी पेशीच्या आत चमकणाऱ्या ठिपक्यांचं चित्र येतं आणि लेख तिथेच संपतो. कण आत गेला म्हणजे औषध पोचलं, असं गृहीतच धरलेलं असतं.

पण पेशीच्या आत मोकळं पाणी नाही, तंतूंचं दाट जाळं आहे; हाच पेशीचा सांगाडा, म्हणजे सायटोस्केलेटन. ॲक्टिनचे तंतू सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचे, मायक्रोट्यूब्यूल म्हणजे 25 नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या, शिवाय मधल्या जाडीचे तंतू, म्हणजे इंटरमीजिएट फिलामेंट. छोटी प्रथिनं यातून वाट काढतात. 100 नॅनोमीटरचा कण मात्र नुसत्या विसरणाने (आपोआप पसरण्याने) फार लांब जात नाही. तो केंद्रकाकडे सरकतो ते बहुतेक पुटिकेत (पटलाच्या सूक्ष्म पिशवीत) अडकून, मोटर प्रथिनांनी मायक्रोट्यूब्यूलवरून ओढत नेल्यामुळे. 2003 साली पॉलिएथिलीनइमीन हे पॉलिमर आणि डीएनए यांच्या एकेका कणाचा माग काढला गेला तेव्हा हेच दिसलं. मायक्रोट्यूब्यूल मोडल्यावर तो प्रवासच थांबला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: वाहक बनवणाऱ्या प्रत्येक गटात सायटोस्केलेटनचं भौतिकशास्त्र जाणणारं कोणीतरी असलंच पाहिजे, आणि निधी देणाऱ्यांनी तशी अट घालावी.

शिरेतून
अट? मला हे अजिबात मान्य नाही.

आधी गळती कुठे आहे ते बघू या. 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रकाशित प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला गेला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी कर्करोगाच्या गाठीत पोचलेल्या वाट्याचा मध्यक निघाला 0.7 टक्के. म्हणजे हजारातले सात. उरलेल्यांतले कितीतरी यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात, काही शरीराबाहेर जातात. या सातांनी आत गेल्यावर कुठली नळी धरली, यावर आपण रात्री जागवायच्या आणि 993 कुठे गेले ते विचारायचंच नाही?

दुसरं म्हणजे, पॉलिमरला मिळालेलं सगळ्यात ठोस यश सायटोस्केलेटनच्या वाऱ्यालाही न जाता मिळालंय. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीएलजीए या शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्मगोलांतून दिलं जाणारं ल्युप्रोलाइड 1989 मध्ये मंजूर झालं. पाण्याने पॉलिमरमधले एस्टर बंध हळूहळू तुटतात आणि एका इंजेक्शनवर महिनाभर औषध झिरपत राहतं. त्या औषधाचा ग्राही, म्हणजे ते ज्याला चिकटतं तो रेणू, पेशीच्या पृष्ठभागावर आहे, त्याला आत शिरायचंच नसतं. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत ठेवायच्या कारमस्टिन या कर्करोगाच्या औषधाच्या पॉलिमर-चकत्या 1996 मधल्या. तिथेही सायटोस्केलेटनचा विचार लागला नाही.

सूक्ष्मनलिका
ल्युप्रोलाइड पेशीबाहेरच काम करतं, त्यामुळे ते माझ्या मुद्द्याच्या कक्षेतच येत नाही. ज्या मालाला पेशीद्रवात किंवा केंद्रकात पोचावं लागतं, मी त्याबद्दल बोलते आहे.

आणि गळतीचा गुणाकार होतो, शिरेतून. 2013 मध्ये लिपिड नॅनोकणांतून दिलेला एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) मोजला गेला तेव्हा एंडोसोममधून (पेशी कण गिळते ती पिशवी) पेशीद्रवात निसटलेला भाग 1 ते 2 टक्केच होता. ते कण लिपिडचे होते, पण एंडोसोमची भिंत पॉलिमरलाही ओलांडावीच लागते. गाठीत पोचणारा वाटा दहापट वाढवला काय किंवा एंडोसोममधून निसटणारा वाढवला काय, शेवटच्या आकड्यात फरक तेवढाच पडतो. तरी बहुतेक गट एकाच टोकाला का चिकटलेत?

रेणूवेध
तुम्ही दोघेही वाहकाबद्दलच बोलताय. माल आणि सांगाडा यांचं थेट नातं असलेलं उदाहरण घ्या: पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध.

यू झाडाच्या सालीतून वेगळ्या केलेल्या या रेणूची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. तो मायक्रोट्यूब्यूलना मोडू न देता घट्ट धरून ठेवतो, हे 1979 मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. 1992 मध्ये तो अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाला. अडचण एकच होती, पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तो क्रेमोफोर आणि अल्कोहोलमध्ये द्यायचे, आणि त्या द्रावकाच्या ॲलर्जीच्या भीतीने रुग्णाला आधी स्टिरॉइड द्यावं लागे. हा त्रास वाहकांनी खरंच टाळला. 2005 मध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे सुमारे 130 नॅनोमीटरचे कण अमेरिकेत मंजूर झाले, 2007 मध्ये पीईजी आणि पॉलिलॅक्टाइडचे मिसेल (रेणू एकत्र येऊन बनणारे सूक्ष्म गोळे) दक्षिण कोरियात.

पण स्तनाच्या कर्करोगावरची अल्ब्युमिनची मुख्य चाचणी नीट वाचा. गाठ आकसलेल्या रुग्णांचं प्रमाण 19 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर गेलं, ही मोठीच गोष्ट. त्याच वेळी हातापायांच्या संवेदनांचा तीव्र त्रास 2 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर गेला. अल्ब्युमिनच्या गटाला मात्रा 175 ऐवजी 260 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर दिली होती; द्रावक नव्हता म्हणूनच ती देता आली. द्रावकाचा दोष गेला, औषधाचा स्वभाव तसाच राहिला. काही चेतातंतू मीटरभर लांब असतात आणि त्यांच्यातली लांब पल्ल्याची मालवाहतूक मायक्रोट्यूब्यूलच्या रुळांवरून चालते. ते रूळ औषधाने बिघडतात तेव्हा नेमकं काय अडतं, हा प्रश्न कुठलंही पॉलिमर सोडवणार नाही. सांगाड्याचा अभ्यास हवा तो इथे. वाहकाच्या निधीच्या अटीत तो कोंबून काय साधणार?

आणखी एक. मायक्रोट्यूब्यूल ज्याचे बनतात ते ट्युब्युलिन हे प्रथिन सापडलं तेच 1960च्या दशकात, कोल्चिसिन हे औषध पेशीत कशाला चिकटतं हे शोधताना. हा रस्ता दोन्ही दिशांनी चालतो.

काचपट्टी
मी स्वतः शुद्ध ट्युब्युलिनवर काम करतो, तरी मला शिरेतून यांची बाजू घ्यावीशी वाटते. आमची बहुतेक मोजमापं डुकराच्या किंवा गाईच्या मेंदूतून काढलेल्या ट्युब्युलिनवर होतात. 1993 मध्ये मोजलेली मायक्रोट्यूब्यूलची पर्सिस्टन्स लेंग्थ (तंतू किती लांबीपर्यंत सरळ राहतो याचं माप) सुमारे 5 मिलिमीटर आहे, ॲक्टिनची जेमतेम 18 मायक्रोमीटर. एवढी ताठ नळी जिवंत पेशीत मात्र नागमोडी वाकलेली दिसते, कारण तिच्यावर बल लागत असतं आणि भोवतालचं लवचिक जाळं तिला लांब कमान घेऊ देत नाही. काचेवरचा आकडा उचलून वाहकाच्या आराखड्यात टाकला तर फसगत होईल. आधी आम्हाला पेशीतली मोजमापं सुधारू द्या.

सूक्ष्मनलिका
काचपट्टी, ती सुधारण्यासाठीच वाहकवाले सोबत हवेत. पेशीत ठराविक आकाराचे, ठराविक पृष्ठभागाचे कण सोडून त्यांचा माग काढणं, हे मोजमापाचं साधनच आहे, आणि तसे कण त्यांच्याइतके चांगले कोण बनवतं?

शिरेतून
मग एकच विचारतो. पेशीच्या आतला प्रवास समजल्यामुळे मंजुरीपर्यंत गेलेली एक तरी औषधरचना दाखवा.

सूक्ष्मनलिका
ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिन, 2013. प्रतिपिंडाला जोडलेलं, ट्युब्युलिनवर घाव घालणारं औषध. त्याचा दुवा असा निवडलाय की प्रतिपिंड लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) पोचून पचल्याशिवाय औषध सुटतच नाही. पॉलिमर नाही हे मान्य, पण आतली वाट गृहीत धरूनच ती रचना केलेली आहे.

शिरेतून
उदाहरण उत्तम आहे, पण तिथे उपयोगी पडलं ते लायसोसोममधल्या पचनाचं आणि दुव्याच्या रसायनाचं ज्ञान. तंतूंची ताठरता किंवा मोटर प्रथिनांचं बल कोणी त्यासाठी मोजलं नव्हतं. निधीला अट घालायचीच असेल तर ही घाला: उंदराला टोचलेल्या कणांपैकी किती कुठल्या अवयवात गेले याचा पूर्ण ताळेबंद प्रत्येक गटाने द्यावा, आणि गाठीतल्या वाट्यापैकी किती पेशींच्या आत होता तेही मोजावं. तो आकडा हातात येऊ द्या, मग तुमच्या भौतिकशास्त्रज्ञासाठी जागा मीच मागेन.