एका तारेवर तीन प्रोटोकॉल: गरज की आळस?

कोॲक्सकाका
नव्वदच्या दशकातल्या ऑफिसांनी पहिल्यापासून नुसतं टीसीपी/आयपी (इंटरनेटचा प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायचे नियम) वापरायला हवं होतं, बाकीचा पसारा फुकटचा, असं हल्ली बरेच जण म्हणतात. आज बोलायला काय जातंय! फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फायली नोव्हेलच्या नेटवेअर सर्व्हरवर, म्हणजे त्याचा प्रोटोकॉल आयपीएक्स, तो आलाच. त्यात पत्ते वाटायची भानगड नाही: नेटवर्क क्रमांक सर्व्हर सांगणार, पुढचा आकडा नेटवर्क कार्डाचाच. टीसीपी/आयपीला मशीनगणिक आकडे भरत हिंडा. हे आकडे आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीचं पहिलं आरएफसीच (मानकाचा दस्तऐवज) १९९३चं. आणि सरकारी कंपनी व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं ऑगस्ट १९९५ला, तोवर आयपी घेऊन करायचं काय?

पॅकेटपाळत
काका, फ्रेम टाइप (तारेवरच्या पाकिटाची बांधणी) विसरलात वाटतं. नेटवेअर ३.११ला डीफॉल्ट ८०२.३, ३.१२पासून ८०२.२. एखाद्या मशीनच्या नेट.सीएफजी या सेटिंगच्या फायलीत जुनी ओळ राहिली की संपलं. केबल ठीक, टर्मिनेटर (केबलच्या टोकाचं बूच) ठीक, तरी सर्व्हर सापडत नाही. मग सर्व्हरवर दोन्ही फ्रेम कार्डाला बाइंड करायच्या (जोडायच्या), म्हणजे एकच प्रोटोकॉल दोन नेटवर्क क्रमांकांनी. सॅपची, म्हणजे सर्व्हरच्या ‘मी इथे आहे’ची, हाकाटी दर साठ सेकंदांनी, तीही दोन्हींवर. शाखेला ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन (भाड्याची जोडणी) असेल तर या हाकाटीने तुंबलीच, बघायलाच नको. वर विंडोजच्या नेटवर्कचं नेटबियुई, ज्याला राउटर ओलांडताच येत नाही.

कोॲक्सकाका
फ्रेम टाइपचा वैताग खराच. पण पर्याय सांगा ना. नेटवेअरची फाइल सर्व्हिस थेट आयपीवर आली आवृत्ती ५मध्ये, १९९८ला. तोवर अकाउंट्सवाल्यांनी खतावण्या लिहायच्या होत्या?

बॅचफाइल
युनिक्सला टर्मिनलं लावून काम करणारे होतेच की. डॉसच्या ६४० केबी मेमरीत एलएसएल, कार्डाचा ड्रायव्हर, आयपीएक्सओडीआय, नेटएक्स असे नेटवेअरला लागणारे तुकडे, त्यावर टीसीपी/आयपी चढवलं की फॉक्सप्रोला उरणार काय? ओडीआय या नोव्हेलच्या ड्रायव्हर-रचनेमुळे एका कार्डावर दोन स्टॅक (प्रोटोकॉलचे संच) नांदायचे, त्याचं कौतुक आहेच. पण मेमरी कुठून आणणार?

कोॲक्सकाका
म्हणून तर डॉसवर एकच ठेवायचो! तीन-तीन प्रोटोकॉल आले ते विंडोज ९५मुळे. कार्ड टाकलं की आयपीएक्स आणि नेटबियुई आपोआप, टीसीपी/आयपी तेवढं हाताने.

पॅकेटपाळत
आणि ते नंतर काढलं कुणी? नेटवेअर जाऊन विंडोज एनटी सर्व्हर आलं, तरी सेटिंगमधली आयपीएक्सची खूण तशीच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “राहू दे, काय बंद पडेल सांगता येत नाही.” आमच्या प्रिंटरच्या नेटवर्क कार्डावर ॲपलच्या मशीनांचं ॲपलटॉकसुद्धा चालू होतं. ऑफिसात मॅक एकही नव्हता.