घरच्या रेकॉर्डिंगमध्ये कोरस बुवांच्या अंगावर येतोय, काय करू?

पेटीवाला_कुडाळ
मंडळी, चतुर्थीआधी आमच्या भजन मंडळाचा एक गजर घरीच रेकॉर्ड करतोय. बुवा (मुख्य गायक), पेटी, पखवाज जमलंय. कोरसला चार जण, माइक एकच, म्हणून एकेकाचं वेगळं घेतलं. आता कोरस चढवला की बुवांचे शब्द बुडतात, उतरवला की मोबाइलवर ऐकूच येत नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, कुठला लावू?

सड्यावरून
रिव्हर्ब शेवटी रे. आधी चारही ट्रॅक एका बसवर घे, म्हणजे चौघांवर एकत्र काम करता येईल. 120 हर्ट्झच्या खालचं कापून टाक, तिथे पखवाजाच्या धुमाला जागा हवी. 300 च्या आसपास थोडं उतरव, चौघांचा गदळपणा तिथेच साचतो. 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये दोनेक डेसिबल कमी कर. शब्द तिथे उमटतात, ती जागा बुवांची.

आणि शेवटची व्यंजनं बघ. ‘गणराज’ म्हणताना चौघांचा ‘ज’ चार ठिकाणी पडतो, ओळीला शेपूट फुटतं. एकाचा ‘ज’ ठेव, बाकी तिघांचा त्याआधीच फेड आउट कर. काम कंटाळवाणं आहे, पण कुठलंही प्लगइन विकत घेण्याआधी हेच.

झांजवाला
वरचं पटलं, पण एक राहिलं. गजरात बुवा ओळ टाकतात आणि कोरस ती उचलतो. तेव्हा बुवा गप्प असतात ना? मग तिथे कोरस दणक्यात येऊ दे, सिनेमातल्यासारखा मागे कशाला ढकलायचा? बुवा वरून आलाप घेतात तेवढ्यापुरता तीन डेसिबल खाली आण. व्हॉल्यूम ऑटोमेशनने होतं, म्हणजे कुठे आवाज किती ते आधीच आखून ठेवायचं. दोघे डावीकडे, दोघे उजवीकडे, मध्ये बुवा एकटे. चाराचे आठ हवे असतील तर परत गाऊन घे. तोच ट्रॅक कॉपी केलास तर नुसता आवाज वाढतो. मग सगळं मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐक, लोक मोबाइलच्या स्पीकरवरच ऐकणार.

पेटीवाला_कुडाळ
ऑटोमेशनचं सुचलंच नव्हतं, आज करतो. दोघांच्या ट्रॅकवर कौलांवरचा पाऊस आलाय, तो जाईल का?

सड्यावरून
ईक्यूने, म्हणजे वर सांगितली तशी हर्ट्झची काटछाट करून, नाही जाणार, पाऊस सगळ्या पट्टीत पसरलेला असतो. कोरस गप्प असतो तिथे ट्रॅक कापून टाक, कडांना छोटा फेड दे. गाण्याखालचा पाऊस पखवाजाखाली झाकला जाईल. नाहीच झाकला तर सर ओसरल्यावर त्या दोघांना परत बोलाव. लॅपटॉप तेवढा चार्ज करून ठेव, लाइटीचा भरवसा नाही.