मदत हवी आहे: इंडेक्सच्या मायग्रेशनमध्ये चॅटबॉट तीच चूक परत करतो

जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर काम करणाऱ्यांना विचारतोय. मोठ्या टेबलवर इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) टाकायची मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) चॅटबॉटकडून लिहून घेतली की तो साधं 'अ‍ॅडइंडेक्स' देतो. त्याने इंडेक्स पूर्ण होईपर्यंत टेबलवरचे इन्सर्ट-अपडेट अडतात. वाचणं चालू राहतं आणि टेस्टिंगच्या दोनशे ओळींवर सगळं क्षणात उरकतं, त्यामुळे खरी गोम प्रॉडक्शनवरच उघडी पडते.

बजावून सांगितलं की 'अ‍ॅडइंडेक्सकॉन्करंटली' (लिहिणं न अडवता इंडेक्स बनवणारं) येतं, पण मायग्रेशनच्या क्लासमधली, ट्रान्झॅक्शन बंद करणारी 'अ‍ॅटॉमिक = फॉल्स' ही ओळ राहून जाते. मग मायग्रेशन चालतच नाही, कारण हे काम ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गटाच्या) आत करता येत नाही. शिवाय मधेच तुटलं तर इनव्हॅलिड (न वापरता येणारा) इंडेक्स मागे उरतो, तो आधी ड्रॉप करावा लागतो. चॅटबॉट हे आपणहून सांगत नाही.

नियम रेपोतल्या सूचनांच्या फाइलमध्ये आहेत. नव्या चॅटमध्ये तो ते पाळतो, संभाषण लांबलं की विसरतो. दर मायग्रेशनला नवी चॅट उघडता का? की सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) 'एसक्यूएलमायग्रेट' या, मायग्रेशनचं एसक्यूएल दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट तपासून, 'कॉन्करंटली' नसेल तर बिल्ड फेल करता? मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. पण त्याच मायग्रेशनमध्ये बनलेली रिकामी टेबलं, जिथे साधा इंडेक्सही चालतो, ती या तपासणीतून कशी वगळता? स्क्रिप्टचा तेवढा भाग दाखवलात तरी फार मदत होईल.